मरताना घाई करू नये

मिस्टर लेन यांच्याबद्दल लिहावं इतकी माझी त्यांच्याशी ओळख होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एका नाटकाच्या तालमी आणि त्या नाटकाचा एक प्रयोग, एवढाच आमचा संबंध. ते अमेरिकेत कुठल्या गावी वाढले, त्यांचं लग्न कधी झालं, सिनेमात पहिल्यांदा कसे आले, यातलं मला फारसं माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही आणि त्यांनीही ओळीनं कधी सांगितलं नाही. जे सांगितलं ते चहा पिताना, मधूनच, आणि बहुतेक वेळा स्वतःवर हसत.

इथे दुबईत पहिल्या नावापुढे मिस्टर लावायची पद्धत आहे. शाळेतले सर असोत, बँकेतला मॅनेजर असो की बसचा ड्रायव्हर. त्यामुळे ते आम्हा सगळ्यांचे मिस्टर लेनच होते. त्यांचं आडनाव मी पहिल्यांदा नाटकाच्या पोस्टरवर वाचलं, आणि ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. त्यांना हे सांगितलं असतं तर आवडलं असतं. ते म्हणायचे, "माझा चेहरा अर्ध्या जगाला माहीत आहे आणि नाव कुणालाच नाही. मी चोर व्हायला हवं होतं किंवा मग अजिबात नको होतं."

वयानं ते ऐंशीच्या पुढचे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, पांढऱ्या भुवया कपाळावरून पुढे आलेल्या. आयुष्यभर त्यांनी नाटकं केली, सिनेमे केले, टीव्हीच्या मालिका केल्या. जज, डॉक्टर, पाद्री, बँकेतला म्हातारा, पोलिसांचा वरिष्ठ. हिरो कधीच नाही. बायको गेल्यावर त्यांची मुलगी ज्युली त्यांना इकडे घेऊन आली. ती मरीना भागात एका टॉवरमध्ये राहायची आणि हॉस्पिटलांना सामान पुरवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. टॉवरच्या एवढ्या वरच्या मजल्यावर राहून काय करता, असं कुणीतरी विचारलं तेव्हा मिस्टर लेन म्हणाले होते, "खाली बघतो. बाल्कनीचं तिकीट मला पहिल्यांदाच फुकट मिळालंय."

माझं त्या नाटकात असणं हा थोडा योगायोगच. मी कॉलेजात अकाउंटिंग शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा दहावी करून एसी दुरुस्तीच्या कामाला लागले आणि आता त्याच कामात फोरमन आहेत. कॉलेजात गेल्यावर काय काय करायचं असतं हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. म्हणून बोर्डावर जे जे लागायचं ते मी गंभीरपणे वाचायची. अल क्वोजमधल्या एका हौशी नाटक कंपनीला एक मुलगी हवी आहे, असं तिथे लागलं होतं. मला वाटलं, कॉलेजात जाणाऱ्या मुली हेही करत असतील.

अल क्वोजला जुन्या गोदामात त्यांनी स्टेज केलं होतं. एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला फर्निचरला पॉलिश करायचं वर्कशॉप. आत लाकडी फळ्यांचं उंच स्टेज, काळे पडदे आणि छताला प्रचंड आवाज करणारा एसी. दिग्दर्शक फादी. तो लेबननचा, दिवसा जाहिराती करायचा आणि संध्याकाळी नाटक. नाटक त्यानंच लिहिलं होतं. बंदरावरच्या एका गावात खोली घेऊन राहणारा म्हातारा कप्तान, आणि खालच्या मजल्यावरची मुलगी, जी रोज येऊन त्याला पेपर वाचून दाखवते. कप्तान मिस्टर लेन. मुलगी मी.

मिस्टर लेन तालमीला सगळ्यांच्या आधी यायचे. आम्ही पोचायचो तेव्हा ते स्टेजवर एकटेच फिरत असायचे. खुर्चीच्या पाठीला हात लावायचा, टेबल जरासं ढकलून बघायचं, पलंगावर बसून उठायचं. एकदा मी विचारलं, काही हरवलंय का? ते म्हणाले, "कप्तान या खोलीत वीस वर्षं राहतोय. मी कालच आलोय. अंधारात लघवीला उठलो तर पलंगाला आपटता कामा नये."

कपात नुसता अभिनयाचा चहा त्यांना चालायचा नाही. चहा खराच हवा, आणि गरम. तरुणपणी एका नाटकात ते बटलर होते. त्या नाटकाचा दौरा पुष्कळ चालला. त्यांना संवाद एकच होता, "येस, सर." बाकी वेळ हातात ट्रे. ते म्हणाले, "मी ग्लास काठोकाठ भरून घ्यायचो. रिकामा ग्लास घेऊन जपून चालण्याचा अभिनय करावा लागतो. भरलेला असला की नुसतं चालायचं."

"सांडलं नाही कधी?" मी विचारलं.

"सांडायचं ना. मुख्य नटाच्या पँटवर. त्यानंतर तोही माझ्याकडे बघून अभिनय करायला लागला."

त्यांची कामाची एक पद्धत मला आधी चमत्कारिक वाटली. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे आपापल्या वाक्यांना खुणा करत होतो, आणि मिस्टर लेन माझी वाक्यं पाठ करत होते. फक्त माझी नव्हेत, सगळ्यांची. त्यांची स्वतःची नंतर. मी नको तिथे थांबले तर पुढचा शब्द मला तेच सांगायचे. ते म्हणत, बोलणाऱ्याचं बोलणं खरं वाटतं ते ऐकणाऱ्यामुळे. हिरो बोलतो आणि लोक बघतात ते बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे, त्याला पटतंय का म्हणून. "मला आयुष्यभर ऐकायचे पैसे मिळाले," ते म्हणायचे, "बोलायचे फार थोडे."

दुसरं त्यांचं पेटंट वाक्य म्हणजे, मरताना घाई करू नये. सिनेमात आणि नाटकांत ते सारखे मरत आलेले. गोळी लागून, विष खाऊन, बोटीवरून पडून. एका सिनेमात घोड्यावरून पडून ते मरत होते आणि दिग्दर्शक ओरडत होता की ऊन चाललंय, लवकर आटप. त्यांनी पडल्या पडल्या त्याला सांगितलं, "मला वाट पाहणारी बायको आहे, एक कर्ज आहे आणि एक गाय आहे. तिघांची आठवण काढल्याशिवाय मी मरणार नाही." पटकथेत यांतलं काहीच नव्हतं. ऊन गेलं. दुसऱ्या दिवशी परत मरावं लागलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती. त्यांचा पहिला मोठा सिनेमा. त्यात ते जज होते. आईला त्यांनी पत्रानं कळवलं आणि आई गावातल्या बायकांना घेऊन थिएटरात गेली. पण सिनेमा लांबला म्हणून त्यांचा चेहरा कापून टाकला होता. टेबलावर लाकडी हातोडी आपटणारा नुसता हात राहिला होता. आईनं हात ओळखला. अंधारात उभी राहून ती म्हणाली, तो माझा लेन. हे सांगून झाल्यावर मिस्टर लेन यांनी स्वतःचा हात उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "चांगला हात आहे. तोच एक अजून काम देतो."

त्यांना अरबी तीन शब्द यायचे, आणि तिन्ही फादीनं शिकवलेले: यल्ला म्हणजे चला, हबीबी म्हणजे लाडक्या, आणि इन्शाल्ला. फादीनं उद्या सगळे पाठ करून येणार ना, असं विचारलं की आम्ही एकसुरात म्हणायचो, "इन्शाल्ला." मिस्टर लेन मान हलवून म्हणायचे, "आमच्याकडे यासाठी लहान शब्द आहे. 'नाही.'"

बाबांची आणि त्यांची भेट पहिल्याच आठवड्यात झाली. तालीम संपली की बाबा कंपनीची व्हॅन घेऊन मला न्यायला यायचे. मिस्टर लेन बाहेर ज्युलीच्या गाडीची वाट बघत उभे होते. बाबांनी त्यांना व्हॅनमधून बघितलं आणि इंजिन बंद केलं.

"अगं, हा तर तो!"

"कोण तो?"

"तो गं, मरतो तो!"

घरचे सगळे गावी होते तेव्हा बाबा अल क्वोजलाच कंपनीच्या कॅम्पात राहायचे. शुक्रवारी सुट्टीला खोलीतले सगळे टीव्हीवर इंग्रजी सिनेमे बघत. भाषा कुणालाच फारशी कळायची नाही. पण हा माणूस त्यांना पाठ झाला होता. बाबा म्हणाले, "हा मेला की समजायचं, आता हिरो येणार. हा मरेपर्यंत आम्ही जेवायचं घ्यायचो नाही."

मला वाटलं ते गाडीतच बसतील. पण ते उतरले, शर्ट नीट केला आणि थेट मिस्टर लेन यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"सर, यू डाय व्हेरी गुड."

मिस्टर लेन वाकले. त्यांनी बाबांच्या तोंडाकडे बारकाईनं बघितलं. मग हात पुढे केला. "थँक यू. इतक्या वर्षांची सवय आहे."

त्या वेळी ते तसे वाकून का बघत होते हे मला कळलं नाही. उंच माणसं वाकतातच, असं मी धरून चालले.

कळलं ते तालमी बऱ्याच पुढे गेल्यावर. एका प्रवेशात मी त्यांना विचारायचं, चहात साखर किती? त्या दिवशी माझं लक्ष उडालं. मी खाली बघत पुढच्या पानावरचं वाक्य बोलले, की डॉक्टर येऊन गेले. मिस्टर लेन प्रसन्नपणे म्हणाले, "दोन चमचे."

सगळे हसले. मिस्टर लेनही हसले. पण सगळे हसल्यावर, एक क्षण उशिरा, आणि आमच्या तोंडांकडे बघून.

मध्यंतरात ते माझ्याजवळ आले. गोदामाबाहेर टायरच्या दुकानासमोर बाकडं होतं. कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियावाल्यानं आम्हाला कागदी कपात कडक चहा दिला.

"तुला समजलं," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"डावा कान गेला तेव्हा मी सिनेमात सगळ्यांच्या डाव्या हाताला उभा राहायला लागलो. लोकांना वाटलं मला तीच बाजू चांगली दिसते. आता उजवाही चाललाय. मशीन आहे. पण गोदामात मशीन लावलं की मला फक्त तुमचा एसी ऐकू येतो. वादळात बसल्यासारखं."

"फादीला सांगायचं का?" मी विचारलं. मला खरंच ठाऊक नव्हतं काय बरोबर ते.

"तो मला काढेल. मी त्याच्या जागी असतो तर मीही काढलं असतं." त्यांनी चहा संपवला. "म्हणून तर सांगत नाही."

पण फादीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. एका प्रवेशात कप्तानाच्या दारावर मागून थाप पडते. थाप पडली. मिस्टर लेन खिडकीबाहेर बघत राहिले. परत पडली. ते बघत राहिले, इतकं छान बघत राहिले की पहिल्यांदा आम्हाला वाटलं हे नवीन काहीतरी करतायत. मग फादी स्टेजवर चढला आणि त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"लेन, हबीबी. कधीपासून?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून हळूहळू."

"मला सांगायला हवं होतं."

"हो."

"मार्कला सगळा रोल पाठ आहे." मार्क हा आमच्यातलाच, रेडिओवर जाहिराती वाचणारा. तो मागे उभा होता आणि आपले बूट बघत होता. "आपला एकच प्रयोग आहे. तिकिटं गेलीत. तू मधेच थांबलास तर मी काय करू? खलास होईल सगळं."

मिस्टर लेन यांना मी कधी आवाज चढवताना बघितलं नव्हतं. तेव्हाही चढवला नाही. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "फादी, मी साठ वर्षं मध्यंतराच्या आत मेलोय. उरलेलं नाटक मी नेहमी मेकअप पुसताना ऐकलं, भिंतीपलीकडून. हा पहिला रोल आहे ज्यात मी शेवटापर्यंत जिवंत आहे. मला एकदा शेवटापर्यंत जायचंय."

एसी घरघरत होता.

फादीनं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "रंगीत तालमीपर्यंत. एकदा जरी अडलास, मार्क करेल. मान्य?"

"मान्य."

"यल्ला," फादी म्हणाला, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

मग आम्ही सगळं नाटक त्यांच्या डोळ्यांभोवती फिरवून बसवलं. कुणी त्यांच्याशी पाठमोरं बोलायचं नाही. दारावर थाप मारणाऱ्यानं त्याच वेळी पायानं फळी दाबून आपटायची, म्हणजे त्यांच्या तळव्याला कळेल. बाकी संवाद त्यांना पाठ होतेच. आम्ही आपल्या वेगानं बोललो की ते ओठांवरून बरोबर चालायचे. बाबांनी एकदा मला सुचवलं, मी येऊन एसी बंद करून देतो, माझंच काम आहे ते. मी फादीला विचारलं. तो म्हणाला, पत्र्याच्या छताखाली एसी बंद केला तर कप्तानाच्या आधी प्रेक्षक मरतील.

राहिला शेवटचा प्रवेश. कप्तान पलंगावर, डोळे मिटलेले. मुलगी खिडकीत उभी राहून बंदरातून जाणारं शेवटचं गलबत कसं दिसतंय ते त्याला सांगते. पुष्कळ बोलते. गलबत दिसेनासं झालं असं ती म्हणते, तेव्हा तो डोळे उघडतो, "खिडकी लावू नकोस" एवढंच म्हणतो आणि मरतो.

मिटलेले डोळे आणि न ऐकू येणारे कान. माझं बोलणं कधी संपलं हे त्यांना कळणार कसं?

"डोळे उघडे ठेव," फादी म्हणाला.

"मरणारा माणूस तुझ्या सोयीसाठी डोळे उघडे ठेवत नाही."

"मग किलकिले."

"किलकिले डोळे ठेवून मी एकदा मेलोय. प्रेक्षकांना वाटलं मी डुलकी काढतोय."

शेवटी फादीनं मला खिडकीतून काढून पलंगाजवळ स्टुलावर बसवलं. कप्तानाचा हात माझ्या हातात. गलबत दिसेनासं झालं की मी हात दाबायचा. मिस्टर लेन यांनी मला ते नीट शिकवलं. मनगट हलवायचं नाही, खांदा हलवायचा नाही, फक्त तळहात. बघणाऱ्याला दिसता कामा नये. त्यांचा हात जड आणि कोरडा होता. माझा घामानं ओला. ते म्हणाले, "चालेल. समुद्राजवळ राहणारी मुलगी आहेस."

रंगीत तालीम पार पडली. फादीनं मार्कच्या पाठीवर थाप मारली, आणि त्यावरून आम्हाला समजलं, कप्तान मिस्टर लेनच करणार.

प्रयोग शनिवारी दुपारी होता. ज्युली पहिल्या रांगेत. बाबांनी अल कुसैसमधून, आम्ही राहतो तिथून, माणसं आणली होती. आई, माझा भाऊ, शेजारचे सावंतकाका, त्यांची बायको, आणि पूर्वीच्या कॅम्पातले बाबांचे मित्र, इस्त्रीचे शर्ट घालून. सगळी एक रांग. आईनं पाण्याच्या बाटल्या आणि चिवड्याची पिशवी आणली होती, ती दारावर ठेवून घेतली.

मला प्रयोगातलं सगळं आठवत नाही. आपण आत असलो की नाटक दिसत नाही. एवढं आठवतं की मिस्टर लेन एकदाही अडले नाहीत. मध्यंतर झालं तेव्हा ते विंगेत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. रिकाम्या होणाऱ्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले, "या वेळेपर्यंत मी नेहमी मेलेला असतो." मग ते कॉलर नीट करून पुन्हा आपल्या जागेवर गेले.

शेवटचा प्रवेश आला. मी गलबताचं सांगितलं. शीड, मग डोलकाठी, मग नुसता ठिपका. दिसेनासं झालं. मी हात दाबला. मिस्टर लेन यांनी डोळे उघडले. छताकडे नाही, माझ्याकडेही नाही, खिडकीकडे बघितलं. घाई नव्हती. "खिडकी लावू नकोस." मग त्यांचा हात माझ्या हातात मेला. मी हे दुसऱ्या शब्दांत सांगू शकत नाही. तो हात तोच होता, पण त्यातला माणूस गेला.

फादीनं इथे मोठी शांतता ठेवली होती. दिवा एकदम जायचा नाही, अगदी सावकाश उतरायचा. आणि त्या शांततेत आमच्या रांगेतून बाबांचा आवाज आला.

"वन्स मोअर!"

मला आधी खरंच वाटेना. बाबांच्या गावी जत्रेच्या नाटकात आवडलेल्या प्रवेशाला वन्स मोअर द्यायची रीत. गाणं असो, लढाई असो, मरण असो. नट मेलेला असला तरी उठतो, नमस्कार करतो आणि परत मरतो. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. सावंतकाकांनाही वाटलं नाही. त्यांनी लगेच साथ दिली, आणि मग ती अख्खी रांग. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

बाकीचे प्रेक्षक वळून बघायला लागले. ज्युलीही वळली. विंगेत फादीनं डोक्याला हात लावलेला मला दिसला. लाजेनं माझ्या मुठी आपोआप आवळल्या. दोन्ही. त्यांतल्या एका मुठीत मिस्टर लेन यांचा हात होता.

त्यांना हात दाबल्याचं कळलं. बाकी काहीच कळलं नव्हतं. त्यांनी डोळे उघडले.

कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले. मिस्टर लेन यांना ते ऐकू आलं नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की मुलीनं खूण केली आहे, म्हणजे वाक्य द्यायचं आहे. एकदा दिल्यासारखं त्यांना आठवतही असेल. पण समोरच्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी परत खिडकीकडे बघितलं. या वेळी ते वाक्य निराळं आलं. पहिल्यांदा ती विनंती होती. आता एखाद्याला झोपेतून उगाच उठवल्यावर तो म्हणेल तसं, थोडं वैतागून, थोडं आपल्या माणसाला सांगितल्यासारखं. "खिडकी लावू नकोस."

हसणं मधेच थांबलं. मग ते दुसऱ्यांदा मेले. बायको, कर्ज आणि गाय, कुणाचीच घाई न करता.

दिवा पूर्ण गेला. टाळ्या पडल्या तेव्हा अंधार होता, आणि अंधारात ते माझ्या कानाशी विचारत होते, "झालं का? झालं का?" मी त्यांचा हात वर उचलला, तेव्हा ते उठून उभे राहिले.

विंगेत फादी माझ्यावर ओरडायचं ठरवून आला होता. "तो मेलेला होता! मेलेला माणूस उठला!" मग मिस्टर लेनकडे वळून तोंड मोठं करून म्हणाला, "तू का उठलास?"

"हिनं दाबलं."

फादीनं माझ्याकडे बघितलं, परत त्यांच्याकडे बघितलं, आणि त्याला हसू आवरेना. तो तिथेच एका पेटीवर बसला. "हबीबी," एवढंच तो सारखं म्हणत राहिला.

मिस्टर लेन हसले नाहीत. त्यांनी मला समोर उभं केलं, उजेडात. "काय झालं ते सांग. हळू."

मी सांगितलं. आमच्याकडे आवडलं की असं ओरडतात. त्याचा अर्थ, पुन्हा करा.

"मेलेल्या माणसाला?"

"हो."

"ओरडलं कोण?"

"माझे बाबा."

ते बराच वेळ मेकअप न पुसता उभे राहिले. मग म्हणाले, "मला मरायला पुष्कळ जणांनी सांगितलं. परत कुणी बोलावलं नव्हतं."

पुढच्याच महिन्यात ज्युलीची बदली झाली. इथे तसंच असतं. नोकरी आहे तोवर घर, व्हिसा, सगळं. दोघं अमेरिकेला गेले. मला नंतर फादीच्या फोनवरून कळलं. त्यामुळे मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच दिवशी, प्रयोगानंतर, टायरच्या दुकानापुढच्या पार्किंगमध्ये.

ऊन उतरलं होतं. आई, बाबा आणि मी व्हॅनजवळ उभे होतो. बाबांना आतापर्यंत समजलं होतं की काहीतरी चुकलं. ते आईला परत परत सांगत होते, "अगं, मला काय माहीत त्यांच्यात देत नाहीत ते. आवडलं म्हणून दिला." तेवढ्यात मिस्टर लेन आमच्याकडे येताना दिसले. मागे ज्युली गाडीत बसत होती.

बाबा पुढे झाले. "सॉरी, सर. व्हेरी सॉरी. माय मिस्टेक."

मिस्टर लेन यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या वडिलांना सांग, मला ते ऐकू आलं नाही. मी मेलेला होतो आणि डोळे मिटलेले होते. त्यांना म्हणावं, करून दाखवा."

मी बाबांना सांगितलं.

"इथे?" बाबांनी इकडेतिकडे बघितलं. टायरवाला टायर आत लावत होता. गेटवरचा वॉचमन खुर्चीत बसला होता. "वेडबिड लागलंय का? रस्त्यात ओरडू?"

"द्या की आता," आई म्हणाली. "आत एवढ्या लोकांत ओरडताना नाही लाज वाटली."

बाबांनी व्हॅनची किल्ली आईच्या हातात दिली. घसा साफ केला. मग हळूच म्हणाले, "वन्स मोअर."

मिस्टर लेन यांनी मान हलवली. पंजा उताणा करून वर वर नेला. आणखी. आणि ते आमच्यापासून मागे सरकत गेले, दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊन थांबले. कोट ओढून सरळ केला. पाय जुळवले. त्यांचे डोळे बाबांच्या तोंडावर होते.

बाबांनी तोंडाभोवती हात धरायला उचलले, मग ओठ झाकले जातील हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, आणि त्यांनी ते खाली घेतले. छाती भरून श्वास घेतला आणि ते ओरडले. गावी देतात तसा, पार शेवटच्या रांगेतून दिलेला.

वॉचमन खुर्चीतून उठला. टायरवाल्याच्या हातातला टायर घरंगळत गेला आणि तो त्याच्यामागे धावला. ज्युलीनं हॉर्न दिला. आम्ही तिघांनी वळून बघितलं. मिस्टर लेन वळले नाहीत. बाबांचं तोंड मिटलं होतं, तरी मिस्टर लेन अजून तिकडेच बघत होते.